भूक शमवणारं इंजेक्शन सुरू करताय? आधी ताट मांडून घ्या

मागे एक काकू आमच्या आहार-सल्ल्याच्या खोलीत आल्या. तीन महिन्यांत नऊ किलो उतरलेल्या. सोबतची सून खूश, शेजारणी विचारून विचारून हैराण. काकूंचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "जिना चढताना मांड्यांत जीव उरत नाही आणि विंचरलं की केस मूठभर येतात. इंजेक्शन मला मानवत नाहीये का हो?" मी दिवसभरात काय खाता ते विचारलं. सकाळी चहा-खारी, दुपारी चार घास वरणभात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री "भूकच नसते". औषध आपलं काम चोख करत होतं. ताटाचं काम कुणी केलंच नव्हतं.

तुम्हाला डॉक्टरांनी नुकतंच इंजेक्शन सुचवलं असेल, किंवा ओळखीच्या कुणाचं वजन उतरलेलं बघून तुमच्याही मनात घोळत असेल, तर हे वाचा. मी आहारतज्ज्ञ आहे. कोणतं औषध आणि किती डोस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्या खोलीत जाण्याआधी आणि तिथून बाहेर पडल्यावर काय करायचं, ते मी सांगते.

औषध करतं तरी काय

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते मेंदूला म्हणतं पुरे, जठराला म्हणतं सावकाश, आणि रक्तातली साखर वाढलेली असेल तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. शरीरातलं मूळ संप्रेरक दोन-तीन मिनिटांत मोडून जातं. सेमाग्लुटाइड हे त्याच्यासारखंच वागणारं, पण टिकाऊ रेणू असलेलं औषध. शरीरातली त्याची मात्रा निम्मी व्हायला जवळपास आठवडा लागतो, म्हणून ते आठवड्यातून एकदाच टोचायचं. वेगोव्ही आणि ओझेम्पिक ही त्याचीच विक्रीची नावं. टिर्झेपेटाइड म्हणजे मौंजारो. ते जीएलपी-१ सोबत जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचीही भूमिका बजावतं.

या कुळातलं पहिलं औषध २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. ते सुचलं होतं गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेवरून. हा सरडा वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो. उपास करावा तर असा!

आता आकडे. सेमाग्लुटाइडचा २.४ मिलिग्रॅमचा डोस घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपेटाइडच्या १५ मिलिग्रॅमवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे साधारण १२ आणि १६-१७ किलो. यातल्या दोन गोष्टी जाहिरातीत दिसत नाहीत. सरासरी म्हटलं की कुणाचे २५ किलो उतरतात आणि कुणाचे जेमतेम तीन. आणि या प्रयोगांत प्रत्येकाला आहाराचा व हालचालीचा सल्ला नियमित मिळत होता. निव्वळ सुईचा हा आकडा नाही.

पहिली पायरी : आपण यात बसतो का

वजन किलोत घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. १६० सेंटिमीटर उंची आणि ७८ किलो वजन असेल तर ७८ भागिले १.६, पुन्हा भागिले १.६, उत्तर साधारण ३०.५. हा तुमचा बीएमआय. ही औषधं ३० किंवा त्याहून जास्त बीएमआयसाठी आहेत. रक्तदाब, मधुमेह, घोरण्यातून होणारा श्वासरोध असा वजनाशी निगडित आजार सोबत असेल तर २७ पासून पुढे.

भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा मुळात खाली आहे, २५ वर. त्याचं कारण पुण्यातच दाखवलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणून काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल, तर बीएमआय कमी असला तरी डॉक्टरांना दाखवा. दाखवणं म्हणजे इंजेक्शन घेणं नव्हे, हेही लक्षात असू द्या.

लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि आठ किलो उतरवायचेत, अशी फर्माईश घेऊन येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवते. दोन महिन्यांत तर डोसच्या पहिल्या दोन पायऱ्याच पार पडतात.

दुसरी पायरी : डॉक्टरांना काय सांगायचं

ते विचारतीलच, पण घाईच्या ओपीडीत एखादी गोष्ट राहून जाते. म्हणून कागदावर लिहून न्या.

घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला होता का? स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात तो असेल, तर ही औषधं घ्यायची नाहीत. एमईएन-२ नावाच्या आनुवंशिक विकारातही नाहीत. (नेहमीचा थायरॉइड, म्हणजे रोज सकाळी गोळी लागणारा, ही वेगळी गोष्ट. त्याने अडत नाही.) स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, हे सांगा. मधुमेह जुना असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण साखर एकदम खाली आली की पडद्याचा जुना त्रास काही जणांत उफाळतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर ती बहुधा कमी करावी लागते. न केल्यास साखर भलतीच उतरू शकते.

बाळाचा विचार असेल तर तो स्पष्ट बोला. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत आणि सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढल्यावर पुढचे चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरा. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारामुळे "मला दिवस राहतच नाहीत" असं धरून चालणाऱ्या मुलींना हे मी दोनदा सांगते. वजन उतरलं की पाळी सुधारते, आणि मग राहतात.

तपासण्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन बहुतेक डॉक्टर लिहून देतात. मी त्यात बी१२ आणि ड जीवनसत्त्व घालायची विनंती करते. शाकाहारी घरात, त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर, बी१२ हमखास खाली सापडतं. खाणं कमी झाल्यावर ते आणखी खाली जाणार.

तिसरी पायरी : खर्च, खरेदी आणि फ्रीज

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला १४ ते साडेसतरा हजार. जूनमध्ये वेगोव्ही आलं, सुरुवातीच्या डोसला महिन्याला १७,३४५ रुपये. नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत उतरवली गेली. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. त्यानंतर भारतीय कंपन्यांना स्वस्त सेमाग्लुटाइडची वाट मोकळी झाली. आज तुमच्या गावात काय भाव आहे ते दुकानात विचारा, पण विचारताना बाराने गुणा. महिन्याला दहा हजार म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार. तीन महिने घेऊन पैशांअभावी सोडण्यापेक्षा सुरू न करणं बरं. का, ते शेवटी येईल.

खरेदी चिठ्ठीवर, बिल घेऊन, फ्रीज असलेल्या दुकानातून करा. कुणाच्या मावसभावाने दुबईहून आणलेलं इंजेक्शनचं पेन, व्हॉट्सअॅपवर विकली जाणारी कुपी, जिममधल्या ट्रेनरकडचं "सेम औषध, अर्ध्या भावात", यातलं काहीही नको. बनावट ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. आणि "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन उतरवण्याच्या पावडरींपासून तर चार हात लांब राहा. हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलेलं सिब्युट्रामिन अशा अनेक डब्यांत चोरून मिसळलेलं सापडलं आहे. पावडरीने भूक जादूसारखी मेली, तर त्या जादूत काय आहे ते विचारा.

पेन किंवा कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. बाहेर ३० अंशांखाली वेगोव्ही २८ दिवस आणि मौंजारो २१ दिवस टिकतं. पण ३० अंशांखाली! मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंश असताना घरातही तेवढं तापमान मिळत नाही, त्यात वीज गेली की संपलंच. एसटीने प्रवास असेल तर बर्फाच्या पाकिटाभोवती रुमाल गुंडाळा आणि इन्सुलिनसाठी मिळते तशा पिशवीतून न्या. औषध बर्फाला थेट लागता कामा नये.

एकेरी डोसची कुपी दोघींत वाटून घेणं किंवा पेनचे "क्लिक" मोजून डोस वाचवणं, असले जुगाड हल्ली फार ऐकू येतात. एकेरी कुपीत औषध टिकवणारं रसायन नसतं, उघडलेली कुपी आठवडाभर ठेवली की जंतुसंसर्गाचा धोका. शिवाय आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात, ४० युनिटवाल्या आणि १०० युनिटवाल्या. दोन्हींवरच्या रेघा वेगळ्या. पहिलं इंजेक्शन नर्ससमोर घ्या आणि सिरिंज दाखवून खात्री करा.

टोचायचं पोटावर बेंबीपासून दोन बोटं-तीन बोटं लांब, किंवा मांडीवर. दर आठवड्याला जागा बदला. वार ठरवून टाका. शुक्रवारी रात्र सोयीची पडते असा माझ्याकडच्या नोकरदारांचा अनुभव, मळमळ झालीच तर शनिवार-रविवार हाताशी असतो. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट. घंटागाडीत उघडी सुई टाकली की ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

चौथी पायरी : डोसची शिडी

वेगोव्हीची चढण अशी : ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम, प्रत्येक पायरी चार आठवडे. मौंजारोची २.५ पासून सुरू होऊन अडीच-अडीचने १५ पर्यंत, प्रत्येक पायरी किमान चार आठवडे. पहिली पायरी पोटाला सवय लागावी म्हणून असते, वजन उतरावं म्हणून नाही. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून रडू नका आणि स्वतःहून डोस चढवू नका. वर जायलाच हवं असंही नाही. मौंजारोच्या ५ मिलिग्रॅमवर वजन छान उतरत असेल तर अनेक डॉक्टर तिथेच थांबतात. खिशालाही बरं.

वार चुकला तर? मौंजारो चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. वेगोव्हीचं पुढचं इंजेक्शन दोन दिवसांपेक्षा लांब असेल तर चुकलेलं घ्या, जवळ असेल तर सोडा. दोन डोस एकदम कधीच नाहीत. लागोपाठ दोन-तीन आठवडे सुटले तर डॉक्टरांना फोन करा, बहुधा खालच्या पायरीवरून पुन्हा चढावं लागेल.

पाचवी पायरी : ताट

इथे जरा थांबून वाचा, कारण काकूंचं इथेच चुकलं होतं.

पूर्वी तुम्ही चार पोळ्या खायचात तेव्हा त्यातूनच दहा-बारा ग्रॅम प्रथिनं पोटात जायची. वर दोन वाट्या आमटी, भाजी, दही. खाणं जास्त होतं, पण त्या जास्तीत गरजेचंही वाहून यायचं. आता एक पोळी जाते. अन्न अर्ध्यावर आलं म्हणून शरीराची प्रथिनांची, लोहाची, बी१२ची गरज काही अर्धी झालेली नाही. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. प्रयोगांत मोजलं तेव्हा उतरलेल्या वजनातला पाव ते दोन-पंचमांश भाग चरबी सोडून इतर वजनाचा निघाला. काकूंच्या मांड्यांतला जीव तिथे गेला होता.

तेव्हा हिशोब प्रथिनांपासून करायचा. तुमच्या उंचीला शोभणारं वजन धरा आणि दर किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास मोजा. १६० सेंटिमीटर उंचीला ते वजन साधारण ६० किलो, म्हणजे दिवसाला ७० ग्रॅमच्या घरात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तोच.

७० ग्रॅम ऐकून लोक थेट पावडरीच्या दुकानात जातात. आधी स्वयंपाकघरात बघा. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, सोबत कपभर दूध ५. अंडी चालत नसतील तर अर्धी वाटी बेसनाचं, म्हणजे ५० ग्रॅमचं, धिरडं १० ते ११ ग्रॅम देतं. दुपारी वाटीभर घट्ट वरण ६-७, वाटीभर मटकीची उसळ ७-८, ज्वारीची एक भाकरी ४, वाटीभर दही ५. संध्याकाळी मूठभर भाजके चणे ६ आणि ताक २-३. रात्री पाऊण वाटी पनीर १३-१४, किंवा बांगडा, कोंबडी यातलं काही १०० ग्रॅम, २० च्या पुढे. अंडी आणि मासा-कोंबडी असेल तर झाले की सत्तर, पनीरवर साठच्या आसपास. ज्या दिवशी वरण पातळ केलंत त्या दिवशी हा हिशोब कोसळतो, कारण पातळ वरण म्हणजे हळद घातलेलं पाणी. घट्ट करा. पिठलं करा. उसळीत पाणी कमी, कडधान्य जास्त. सोयाबीनच्या वड्या आवडत असतील तर २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १३ ग्रॅम प्रथिनं असतात, इतकी स्वस्त प्रथिनं दुसरीकडे मिळत नाहीत. कोकणातल्या मंडळींना सुकटीची कोशिंबीर सांगावी लागत नाही, पण मीठ जपून.

पावडर वाईट नाही. मळमळीच्या दिवसांत, तोंडाला चव नसताना दुधात चमचाभर व्हे (दुधापासूनची प्रथिन पावडर) घालून प्यायलं तर मदतच होते. ती जेवणाऐवजी नको इतकंच.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपल्याकडे पहिला वाढप वरणभाताचा, मग पोळी-भाजी. इंजेक्शनवर असताना ही पंगत उलटी करा. आधी उसळ, अंडं, मासा किंवा पनीर. मग भाजी-कोशिंबीर. मग भाकरी. भात शेवटी, जागा उरली तर. पाच-सात घासांत पोट भरत असेल तर ते घास कशाचे असावेत, हे तुमच्या हातात आहे. कांदेपोह्यांच्या बशीत चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात आणि पोट तर भरून जातं. पोहे सोडा म्हणत नाही, वरून शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी घाला, सोबत उकडलेलं अंडं घ्या.

चहाचं काय? चहा भूक मारतो, हे आजी सांगायची. इंजेक्शनही भूक मारतं. दोन्ही मिळून सकाळचं खाणं गिळून टाकतात. चहा राहू द्या, खारी-बिस्किटं जाऊ द्यात, आणि आधी खाणं, मग चहा.

उपासाचा प्रश्न श्रावणात रोज येतो. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, तेल-तूप मात्र भरपूर, आणि जठर आधीच संथ चाललेलं. खिचडी खाऊन दिवसभर पोट दगडासारखं जड झालं अशी तक्रार दर एकादशीनंतर येते. उपास करायचाच तर राजगिऱ्याची भाकरी किंवा लाही, दही, दूध, शेंगदाणे, पनीर, फळ. राजगिऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. हरतालिकेसारखा निर्जळी उपास मात्र या औषधावर करू नका असंच मी सांगेन. तहानही कमी लागते, पाणी पोटात जात नाही, आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर तर नाहीच. पळीभर पाण्यावर प्रसन्न होणाऱ्या देवाला पाणी पिणारा भक्तही चालतो, असं एका आजींना सांगितलं तर त्या हसल्या आणि तांब्याभर प्यायल्या.

पंगतीतला आग्रह हे वेगळंच संकट. "एवढीशी पुरणपोळी, माझी शपथ." पूर्वी ती अंगावर चढायची, आता ती वर येते. तुपात भिजलेली पोळी, भजी, वडापाव, रस्सा-तर्री हे संथ जठरात तासन् तास बसून राहतं. अर्धी पोळी, तूप बाजूला, आणि सरळ सांगायचं की पोटाचं औषध चालू आहे. खोटंही नाही.

त्रास झाला तर

पहिल्या महिन्यांत आणि डोस वाढल्यावर मळमळ, जळजळ, बद्धकोष्ठ किंवा उलट जुलाब, आणि कुजक्या अंड्यासारखे ढेकर हे नेहमीचं. थोडं थोडं चार-पाच वेळा खा. पहिला ढेकर आला की हात धुवा, ताटातलं संपवायचं म्हणून खाऊ नका. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका. मळमळीच्या दिवशी मऊ मुगाची खिचडी, दही, आलं-लिंबाचं पाणी, कमी तेलाची फोडणी.

बद्धकोष्ठाला लोक लगेच इसबगोल घेतात. घ्या, पण मोठा पेलाभर पाण्याबरोबर, आणि दिवसभरात एकूण दोन-अडीच लिटर पाणी घोटघोट जात असेल तरच. कोरड्या पोटात इसबगोल आणखी गच्च बसतं. पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, शिजवलेल्या पालेभाज्या आधी करून बघा. केस गळणं बहुतेकदा वजन भराभर उतरल्यामुळे असतं, काही महिन्यांनी थांबतं. त्यासाठी महागडं तेल घेण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ताटातली प्रथिनं बघा.

काही गोष्टींत मात्र आहारतज्ज्ञाला फोन करू नका, सरळ दवाखाना गाठा. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ आली तर पित्ताशय. उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झालीय. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, हे सेमाग्लुटाइडवर अगदी विरळा घडतं, पण घडलं तर तासाचाही उशीर नको. आणि कुठलंही ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनचं आधी सांगा. उपाशीपोटी गेलात तरी जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

सहावी पायरी : स्नायू

चालणं चांगलंच, आठवड्याला दीडशे मिनिटं. पण चालण्याने स्नायू टिकत नाहीत, त्यांना वजन लागतं. जिमची गरज नाही. खुर्चीत हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, थोडं थांबून पुन्हा दहा. भिंतीला हात लावून दंड. दोन्ही हातांत लिटरभराच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली. गुडघे साथ देत असतील तर सूर्यनमस्कार. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एवढंच. काकूंना मी याच उठाबशा आणि घट्ट वरण दिलं होतं, बाकी काही नाही. दोन महिन्यांनी त्या तिसऱ्या मजल्यावर मध्ये न थांबता चढल्या. सुनेने व्हिडिओ पाठवला होता.

थांबवायचं कधी, आणि कसं

"कोर्स किती महिन्यांचा?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कोर्स नसतो. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, तसंच इथे. सेमाग्लुटाइडच्या त्याच प्रयोगातल्या लोकांनी इंजेक्शन थांबवलं तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. भूक रजेवर गेलेली असते, राजीनामा देऊन नव्हे. तीन महिन्यांत पैसे संपून सोडणाऱ्याचं म्हणूनच दुहेरी नुकसान होतं. उतरताना गेलेला स्नायू सगळा परत येत नाही, परत येते ती मुख्यतः चरबी.

थांबवावं लागलंच तर अचानक नको. डोस कमी करत आणायचा की दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवायचं, हे डॉक्टरांबरोबर ठरवा. त्या काळात दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा, आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. भूक परत येईल तेव्हा तिच्यासमोर आधी उसळ आणि अंडं ठेवा, भात नंतर. वहीतला आकडा सर्वांत खालच्या वजनापेक्षा तीन किलोने वर गेला की पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करा. दहा किलो परत आल्यावर येणारे जास्त असतात, आणि तेव्हा शिडी पुन्हा ०.२५ पासून चढावी लागते.